काचेचा बूट आणि राजाचा हुकूम

परीकथेला साल नसतं. आपल्या कहाण्यांमध्ये 'आटपाट नगर होतं' असं म्हटलं की ते नगर कुठल्या प्रांतात, तिथला राजा कुठल्या घराण्यातला, असं कुणी विचारत नाही. युरोपातली आजीसुद्धा 'फार फार वर्षांपूर्वी' असं म्हणून हीच सोय करून ठेवते. देवळात शिरताना आपण चपला बाहेर ठेवतो, तशी तारीख गोष्टीच्या बाहेर ठेवायची.

पण अधूनमधून एखादा लेखक किंवा दिग्दर्शक हा संकेत मोडतो. तो गोष्टीला देश देतो, शतक देतो, राजपुत्राला नाव देतो. परी आणि जादूची कांडी बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ही परीकथा नाहीच, हे असंच घडलं होतं. अशाच एका ऐतिहासिक प्रणयकथेबद्दल आज बोलायचं आहे. मूळ गोष्ट सिंड्रेलाची, आणि तिला इतिहासात नेऊन बसवणारा चित्रपट म्हणजे 'एव्हर आफ्टर'. अँडी टेनंट यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकी चित्रपट १९९८ साली आला. त्यात ड्र्यू बॅरीमोर सिंड्रेला झाली होती आणि अँजेलिका ह्यूस्टन सावत्र आई.

मला हा चित्रपट आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पण तो पाहताना एक प्रश्न मनात येत राहतो. या गोष्टीला खरोखरच सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये नेलं तर तिचं काय होईल? नुसते किल्ले आणि झगमगीत पोशाख नव्हे, तर त्या काळची लग्नं, तेव्हाचे कायदे, वारसाहक्काची भांडणं या सगळ्यांसकट नेलं तर? या प्रश्नाच्या मागे जाताना जो इतिहास हाती लागतो, तो गोष्टीपेक्षा कमी चमत्कारिक नाही.

आधी चित्रपटाची कथा थोडक्यात सांगतो. दानिएल ही एका सुखवस्तू घरातली आईवेगळी मुलगी. बाप दुसरं लग्न करतो आणि लगेचच दगावतो. जाताना त्याने मुलीला दिलेली शेवटची भेट म्हणजे टॉमस मोर यांचं 'युटोपिया' हे पुस्तक. घरावर सावत्र आईचा अंमल सुरू होतो आणि मालकाची मुलगी मोलकरीण होते. कर्ज फेडण्यासाठी सावत्र आई घरातला जुना नोकर विकते, घरातलं सामान विकते आणि शेवटी दानिएललाही एका जमीनदाराच्या हवाली करते. या कथेत परी नाही. परीच्या जागी आहे लिओनार्दो दा विंची. राजपुत्राचं नाव हेन्री आणि त्याच्या बापाचं फ्रान्सिस. चित्रपटाच्या सुरुवातीला एक वृद्ध उमराव स्त्री ग्रिम बंधूंना बोलावून घेते आणि सांगते, की तुमची गोष्ट छान आहे, पण खरी हकिगत वेगळी होती.

आता या नावांची इतिहासाशी गाठ घालून पाहू. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने लिओनार्दोला आपल्याकडे बोलावलं हे खरंच आहे. लिओनार्दो १५१६ साली फ्रान्समध्ये आला, आंब्वाज इथे राहिला आणि २ मे १५१९ रोजी तिथेच वारला. फ्रान्सिसचा मुलगा हेन्री, जो पुढे दुसरा हेन्री म्हणून गादीवर आला, तो जन्मला ३१ मार्च १५१९ रोजी. म्हणजे लिओनार्दोने डोळे मिटले तेव्हा हा राजपुत्र पाळण्यात होता. त्याला प्रेमाबद्दल सल्ला देण्याचा प्रश्नच नव्हता.

चित्रपटाची चूक काढावी म्हणून हे सांगत नाही. चित्रपट म्हणजे शाळेचं पुस्तक नव्हे, आणि ऐतिहासिक प्रणयकथेला सालांची थोडी ओढाताण माफ असते. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. परीकथेला जोडण्यासाठी नाव निवडलं ते नेमकं या हेन्रीचं! फ्रान्सच्या इतिहासात आईबापांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या तरुणांवर कायद्याचा बडगा उगारणारा राजा तो हाच.

त्याकडे येण्यापूर्वी या खऱ्या हेन्रीचं स्वतःचं लग्न कसं झालं ते पाहू. लहानपण कष्टात गेलेला हा मुलगा. १५२५ साली पाव्हियाच्या लढाईत त्याचा बाप स्पेनच्या कैदेत सापडला. बापाच्या सुटकेच्या बदल्यात १५२६ मध्ये हेन्री आणि त्याचा थोरला भाऊ यांना ओलीस म्हणून स्पेनला पाठवण्यात आलं. हेन्रीला तेव्हा सात वर्षंही पुरी झाली नव्हती. सुटून आला तो १५३० मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी, २८ ऑक्टोबर १५३३ रोजी, मार्सेय शहरात त्याचं लग्न लावण्यात आलं. नवरी होती फ्लोरेन्सची कॅथरीन द मेदिची. दोघंही चौदा वर्षांची.

कॅथरीनची कहाणी ऐकली तर सिंड्रेलाची आठवण व्हावी. १५१९ च्या एप्रिलमध्ये तिचा जन्म झाला आणि तीन आठवड्यांच्या आत आई आणि बाप दोघंही गेले. नातेवाइकांच्या आणि जोगिणींच्या मठांच्या आश्रयाने ती वाढली. पण तिला राजवाड्यात नेणारी परी नव्हती, तिचा नातेवाईक होता पोप सातवा क्लेमेंट. त्याला फ्रान्सची मैत्री हवी होती आणि फ्रान्सिसला इटलीत पोपचं पाठबळ. पोप स्वतः लग्नाला हजर राहिला. हुंडा आणि इटलीतल्या प्रदेशांची आश्वासनं असा तो सौदा होता. वर्षभरातच, १५३४ च्या सप्टेंबरमध्ये, क्लेमेंट वारला आणि त्याची आश्वासनंही त्याच्याबरोबर गेली. सून आपल्याकडे रिकाम्या हाताने आली, अशा अर्थाचे जळजळीत उद्गार फ्रान्सिसच्या नावावर सांगितले जातात. लग्न झाल्यावर दहा वर्षं कॅथरीनला मूल नव्हतं. नवऱ्याचा जीव जडला होता तो वीसएक वर्षांनी मोठ्या असलेल्या दियान द पोआतिए हिच्यावर. राजवाड्यात राहून उपेक्षा सोसणारी ही राणी. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांमध्ये तिला चटकन 'नावडती' म्हटलं असतं.

आता तो कायदा. त्या काळापर्यंत लग्न हा चर्चचा विषय होता, आणि चर्चचा नियम आज वाचला तर आश्चर्य वाटतं. मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली, आणि दोघांनी एकमेकांना आपखुशीने वचन दिलं, तर ते लग्न खरं. आईबापांची परवानगी असणं चांगलं, पण तिच्यावाचून लग्न मोडत नाही. गुपचूप लग्न करणं चर्चला पसंत नव्हतं, तरी ते झालं तर झालं. म्हणजे काचेचा बूट पायात बसला आणि दोघांनी हो म्हटलं, तर त्या विवाहाला चर्चच्या दृष्टीने बाध नव्हता.

जमीनजुमला असलेल्या घराण्यांना हे रुचणारं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने लग्न म्हणजे जमिनीची, नात्यांची आणि राजकारणाची जुळणी. सरदार आन द माँमोरान्सी हा हेन्रीच्या दरबारातला सर्वांत वजनदार माणूस. त्याचा थोरला मुलगा फ्रान्स्वा राणी कॅथरीनच्या परिवारातल्या एका मुलीच्या प्रेमात पडला आणि त्याने तिला लग्नाचं वचन देऊन टाकलं. ही मुलगी इतिहासात पिएन या नावाने ओळखली जाते. बापाच्या मनात मात्र सून म्हणून दुसरीच होती. राजा हेन्रीची एक अनौरस पण मान्यता दिलेली मुलगी होती, दियान नावाची. तिच्याशी सोयरीक म्हणजे थेट राजघराण्याशी नातं. राजालाही ही सोयरीक हवीच होती.

मग राजाने काय केलं? त्याने कायदाच केला. १५५७ च्या फेब्रुवारीत निघालेल्या या फर्मानानुसार तीस वर्षांखालच्या मुलाने किंवा पंचवीस वर्षांखालच्या मुलीने आईबापांच्या संमतीवाचून लग्न केलं, तर आईबाप त्यांना वारसाहक्कातून बेदखल करू शकत होते. चर्चचे चौदा आणि बारा कुठे, आणि राजाचे तीस आणि पंचवीस कुठे! कायदा मागच्या गुपचूप वचनांनाही लागू होईल अशी तजवीज त्यात होती. फ्रान्स्वाने वचन मागे घेतलं. त्या मुलीला मठात ठेवण्यात आलं होतं. त्याच वर्षी फ्रान्स्वाचं लग्न राजाच्या मुलीशी झालं.

ज्याला आपण पडद्यावर प्रेमासाठी राज्यावर पाणी सोडायला निघालेला पाहतो, त्याच्या खऱ्या नामधारकाने हे केलं. हेन्रीचा मुलगा तिसरा हेन्री याच्या कारकिर्दीत, १५७९ च्या ब्लवाच्या अध्यादेशाने, पाऊल आणखी पुढे गेलं. पंचवीस वर्षांखालच्या कुणाला फूस लावून पालकांच्या संमतीशिवाय लग्न करणं हे अपहरण समजलं जाऊ लागलं आणि त्याला देहदंडाची शिक्षा सांगितली गेली. मधल्या काळात, १५६३ साली, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नाला धर्मगुरू आणि साक्षीदार आवश्यक ठरवले होते. पण आईबापांच्या संमतीवाचून झालेलं लग्न रद्द समजावं, ही फ्रान्सची मागणी तिने मान्य केली नव्हती. म्हणजे दोघांच्या होकाराची बाजू चर्च धरून होतं आणि राजसत्ता आईबापांच्या पाठीशी उभी होती. आपल्या मनातल्या चित्राच्या हे बरोबर उलट आहे, नाही का?

आता सावत्र आईकडे वळू, कारण गोष्टीतला दुसरा धागा घराचा आणि मालमत्तेचा आहे. चित्रपटाने केलेला एक बदल मला महत्त्वाचा वाटतो. शार्ल पेरो याने १६९७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या संग्रहात सिंड्रेलाची गोष्ट आहे. परी, भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट आपल्यापर्यंत आला तो या संग्रहातून. पेरोच्या गोष्टीत मुलीचा बाप जिवंत आहे! बायकोच्या पुढे त्याचं काही चालत नाही, एवढंच. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या गोष्टीतही बाप जिवंत आहे. चित्रपटाने त्याला मारून टाकलं आणि एक खराखुरा ऐतिहासिक प्रश्न उभा केला: पहिल्या बायकोच्या मुलीचं घर दुसऱ्या बायकोच्या हाती गेलं, तर मुलीचं काय?

बाळंतपणात बायका दगावत, साथीच्या रोगांत नवरे जात. त्यामुळे पुनर्विवाह आणि सावत्र नाती त्या काळी घरोघरी होती. उत्तर फ्रान्समधल्या रूढींप्रमाणे विधवेला नवऱ्याच्या वडिलोपार्जित मालमत्तेतल्या ठरावीक हिश्श्याचा हयातभर उपभोग घेता येई, पण मालकी मुलांची राही. कागदावर हे स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात वाड्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याचा शब्द चालणार. ही भांडणं इतकी वाढली, की १५६० च्या जुलैमध्ये राजाला फर्मान काढावं लागलं. ते 'दुसऱ्या लग्नांचं फर्मान' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या नवऱ्याची मुलं असलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं, तर मुलांपैकी ज्याला सर्वांत कमी मिळेल त्याच्या वाट्याहून जास्त तिने नव्या नवऱ्याला देता कामा नये, असा त्यातला मुख्य नियम. पहिल्या जोडीदाराकडून मिळालेली देणगी पहिल्या लग्नाच्या मुलांसाठीच राखायची, हा दुसरा. आणि हे फर्मान काढणारा राजा कोण? दुसरा फ्रान्सिस, म्हणजे आपल्या हेन्रीचा आणि कॅथरीनचा मुलगा.

इथली परिस्थिती सिंड्रेलाच्या उलट आहे हे खरं. कायद्याला भीती सावत्र बापाची, गोष्टीला सावत्र आईची. पण दोन्हीकडे एक साम्य आहे. कायद्याचा मुख्य रोख विधवेवर आहे आणि गोष्टीचा सगळा राग सावत्र आईवर. मुलीची व्यवस्था न लावता दुसरा संसार थाटणारा बाप मात्र दोन्हीकडून निसटतो. पेरोच्या गोष्टीत तो एका वाक्यापुरता येतो आणि नाहीसा होतो.

पेरोबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. त्याचं शिक्षण कायद्याचं होतं आणि तरुणपणी त्याने वकिलीही केली होती. तो लिहीत होता तेव्हा संमतीचे हे सगळे कायदे फ्रान्समध्ये लागू होते. तरीही त्याच्या गोष्टीत बूट पायात बसल्यावर थोड्याच दिवसांत लग्न होतं. मुलीच्या जिवंत बापाला कुणी विचारल्याचा उल्लेख नाही. कायदा जाणणाऱ्या माणसाने गोष्टीत कायद्याची अट येऊ दिली नाही. ऐकणाऱ्यांनाही ती तिथे नको होती. परीकथेचं काम नेमकं काय, ते इथे कळतं. जिथे दाद लागत नाही अशा माणसाची ती कैफियत असते.

म्हणूनच ही गोष्ट जिथे जाते तिथल्या घरातली भीती उचलते. चीनमध्ये नवव्या शतकातल्या एका ग्रंथात ये शिएन नावाच्या मुलीची गोष्ट आहे. सावत्र आई तिचा छळ करते, एक मासा तिला मदत करतो आणि सोन्याच्या पादत्राणावरून राजा तिला शोधून काढतो. १८९३ साली मॅरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज अभ्यासक बाईंनी या गोष्टीची आणि तिच्या जवळच्या कथांची ३४५ रूपं एका ग्रंथात गोळा केली.

हरवलेल्या पादत्राणाची अशी एक गोष्ट आपल्या दख्खनमध्येही सांगितली जात होती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांची मुलगी मेरी १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होती. तिच्या सोबतीला ॲना लिबेराता डिसूझा ही आया होती. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेलं. आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिने मेरीला सांगितल्या आणि मेरीने त्या १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने छापल्या. त्यात सोदेवाबाई नावाच्या राजकन्येची गोष्ट आहे. डोंगरावर फुलं वेचताना तिच्या पायातली सोन्याची सपाता खाली जंगलात पडते, शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते आणि तिच्यावरून तो राजकन्येचा शोध घेतो.

इथे सावत्र आई नाही. सोदेवाबाईच्या आईबापांचं तिच्यावर अतोनात प्रेम आहे. पण लग्नानंतर तिला भेटते ती सवत. राजकन्येचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या हारात असतो आणि सवत तो हारच चोरवते. युरोपातल्या गोष्टीत लग्न झालं की संकट संपतं. दख्खनमधल्या आजीच्या गोष्टीत संकट सुरू होतं ते लग्नानंतर. कुठल्या मुलीला कुठल्या उंबरठ्याची धास्ती वाटत होती, ते यावरून समजतं. गोष्ट सांगणाऱ्या ॲनाचंही आयुष्य सोपं नव्हतं. नवरा गेल्यावर तिने आया म्हणून नोकरी केली आणि तिचा एक मुलगा पुण्याला नदीत बुडून गेला.

या सगळ्यानंतर मी 'एव्हर आफ्टर'कडे परत येतो, तेव्हा त्यातली साल-तारखांची गल्लत मला क्षुल्लक वाटते. त्याने इतिहास चुकीचा सांगितला, पण प्रश्न बरोबर विचारले. घर कुणाचं? माणसं कर्जापायी का विकली जातात? मुलीच्या होकाराला किंमत किती? आणि एक नवी गोष्टही त्याने केली. ज्या जमीनदाराकडे दानिएलला विकलेलं असतं, त्याच्या तावडीतून ती स्वतःच तलवारीच्या धाकाने सुटते. राजपुत्र धावत येतो तोवर ती दाराबाहेर पडलेली असते. १६९७ च्या मुलीला परी लागली, १९९८ च्या मुलीला दोन हात पुरले. हेही त्या-त्या काळाचंच प्रतिबिंब.

खऱ्या हेन्रीचं पुढे काय झालं? १५५९ च्या उन्हाळ्यात आपल्या मुलीच्या लग्नाच्या उत्सवात तो भाल्यांच्या खेळात उतरला. अंगावर रंग होते ते दियानचे. प्रतिस्पर्ध्याच्या मोडक्या भाल्याचे तुकडे डोळ्यात घुसले आणि दहा दिवसांनी, १० जुलैला, तो वारला. कॅथरीनने त्यानंतर दियानकडून शेनोंसोचा देखणा राजवाडा काढून घेतला आणि पुढे अल्पवयीन मुलाच्या नावाने फ्रान्सचा कारभार हाती घेतला. नदीवर कमानी टाकून उभा असलेला तो वाडा आजही पर्यटकांनी गजबजलेला असतो. तिथल्या त्या पोरक्या मुलीला घर मिळालं खरं, पण ते बूट पायात बसल्यामुळे नव्हे. त्यासाठी तिला सव्वीस वर्षं वाट पाहावी लागली.